पुलाचं वर्ष

मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी हार्लन फोर्क गावातल्या चर्चच्या तळघरात जुन्या पाठ्यपुस्तकांचा बाजार भरतो. आपली मुलं शाळेत न पाठवता घरीच शिकवणाऱ्या आया चार दिशांनी येतात, घडीची टेबलं मांडतात, खोकी उघडतात आणि न विचारता सल्ले द्यायला लागतात. या बायांना एक वेळ देवाविषयी शंका येईल, पण आपण निवडलेल्या पुस्तकाविषयी येत नाही. गोड चहाचा एक पेला संपेपर्यंत तुमच्या मुलाचं व्याकरण, इतिहास आणि लॅटिन सगळं मार्गी लागलेलं असतं. गणिताच्या टेबलापाशी मात्र आवाज जरा खाली येतो.

डार्ला पेनरॉड त्या दिवशी दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर उभी होती. तिला एकच पुस्तक हवं होतं. अंकगणित संपलं आणि बीजगणित अजून सुरू व्हायचंय, त्या मधल्या वर्षाचं. या बाया त्याला पुलाचं वर्ष म्हणतात. डार्लाचा थोरला मुलगा सायलस याच पुलावरून खाली पडला होता.

सायलसला तिनं सतरा वर्षांचा होईपर्यंत घरी शिकवलं. पोरगा वाचनात हुशार, हातात पाना दिला की कुठलंही इंजिन बोलतं करायचा. दोन वर्षांपूर्वी तो स्प्रिंगफील्डला वायरमनच्या प्रशिक्षणाची प्रवेशपरीक्षा द्यायला गेला. भाषेचा भाग झरझर सोडवला. बीजगणिताचा कागद मात्र त्यानं कोराच परत दिला, कारण त्यातलं त्याला काही शिकवलेलंच नव्हतं. पुलाच्या वर्षी तो अडला, तेव्हा डार्लानं एक सोपं पुस्तक आणलं, मग त्याहून सोपं, आणि मग ते वर्ष तसंच कधी संपलं ते कळलं नाही. आता सायलस कोंबड्यांच्या कारखान्यात जिवंत कोंबड्या आकड्यांना उलट्या टांगतो. आईला त्यानं एका शब्दानं दोष दिला नाही, आणि म्हणूनच तिला त्याच्याकडे सरळ बघवत नव्हतं.

नवरा वेंडेल लाकडाच्या वखारीत कामाला. मुळात कमी बोलणारा. पण धाकट्या टॅबिथाला बारा पूर्ण झाली त्या दिवशी केक कापून झाल्यावर तो म्हणाला, "हे बघ डार्ला. जून संपायच्या आत इमोजीननं मला सांगायचं, की पोरगी बीजगणिताला तयार होतेय. तिनं हो म्हटलं तर तुझं चालू राहू दे. नाही म्हणाली तर ऑगस्टपासून शाळेची पिवळी बस."

इमोजीन म्हणजे वेंडेलची मोठी बहीण. गावातल्या शाळेत तिनं छत्तीस वर्षं बीजगणित शिकवलेलं. घरी शिकवण्याच्या या प्रकाराबद्दल तिनं कधी वाईट शब्द काढला नाही आणि चांगलाही नाही. डार्लाला तिची भीतीच वाटायची.

"आलीस का पुन्हा गणिताच्या टेबलाशी?" मागून ट्वायला ओरडली. तिला सात मुलं, आणि आवाज चौदांना पुरेल एवढा. "चार वर्षांत चार पुस्तकं बदललीस. एवढे नवरे बदलले असतेस ना, तर पाद्रीबाबांनी केव्हाच हाकललं असतं!"

"चेष्टा पुरे गं. पुलाच्या वर्षाला काय घेऊ ते सांग."

ट्वायलानं दोन पुस्तकं तिच्या पुढ्यात आपटली. "हे रंगीत. प्रत्येक धड्याला व्हिडिओ. पोरं खूश, आई खूश, डोक्यात शिरत काही नाही. आणि हे राखाडी. एक चित्र सापडलं तर मला सांग. रोज तीस उदाहरणं, नवं-जुनं सगळं मिसळलेलं. रडवतं मेलं, पण पार नेतं. माझी चार पोरं यातूनच गेली."

डार्लानं राखाडी पुस्तक उघडलं. पानापानावर क्ष. अपूर्णांकांपर्यंत ती वाघीण होती, पण क्ष दिसला की तिला अजूनही नववीच्या वर्गातला शेवटचा बाक आठवायचा. "मला नाही यायचं हे, ट्वायला."

"तुला कशाला यायला हवंय? उत्तरांची चोपडी असते की वेगळी. ती समोर धरायची आणि बसायचं. माझी कुत्र्यानं खाल्ली, पण त्या खोक्यात एक सुटी पडलीय बघ. तोच रंग, तेच नाव. उत्तरं काय दरवर्षी बदलतात?"

डार्लानं दोन्ही घेतली. घरी जाताना गाडीत पुस्तक तिच्या शेजारच्या सीटवर होतं, आणि वळणावर ते खाली घसरू नये म्हणून तिनं त्यावर हात ठेवला होता.

पेनरॉडांच्या घरी गणित तोंडी चाले. टॅबिथा सहा वर्षांची असताना अक्षर काढायला फार वेळ लावायची, पेन्सिल धरली की डोळ्यांत पाणी. तेव्हा जाणत्या आयांनी सांगितलं, पेन्सिलीची सक्ती करू नकोस, डोकं पुढे धावत असेल तर हातासाठी कशाला अडवायचं, तोंडी घे. डार्लानं तोंडी घ्यायला सुरुवात केली आणि चमत्कार झाला. पोरगी फुलली. तेव्हापासून सहा वर्षं रोज सकाळी नाश्त्याच्या बशा उचलल्या की मायलेकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी समोरासमोर बसत. उत्तरांची चोपडी साखरेच्या बरणीला टेकवून उभी, तिचं तोंड डार्लाकडे. डार्ला प्रश्न वाचायची, टॅबिथा हात मांडीवर ठेवून उत्तर द्यायची, डार्ला ते लिहून घ्यायची. चुका जवळजवळ नाहीतच. दिवसातला तो एक तास डार्लाला सगळ्यात आवडायचा. सायलसच्या वेळी आपण चुकलो असू, पण इथे तरी देवानं पदरात माप घातलं, असं तिला वाटायचं.

टॅबिथा होतीच तशी गुणी. बापानं चष्मा शोधायला मान वळवायच्या आत ती तो आणून द्यायची. जेवताना कुणाला मीठ हवंय हे तिला मागायच्या आधी कळायचं. चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, ही पोर माणसाच्या मनातलं ओळखते. डार्लाला अभिमान वाटायचा. एवढ्या लहान मुलीला प्रत्येकाच्या मनातलं ओळखायची गरज का पडावी, हे तिच्या मनात आलं नाही.

एकदा येऊ पाहत होतं, तेव्हा तिनं ते झटकलं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत डार्लाच्या अर्ध्या तोंडावरून वारं गेलं. डावा ओठ लोंबायला लागला, डावा डोळा मिटेना. तीन आठवड्यांत आपोआप बरं होईल, असं डॉक्टर म्हणाले, आणि तसं झालंही. पण त्या तीन आठवड्यांत टॅबिथाचं गणित ढासळलं. नऊ सत्ते तिला येईना. साधी वजाबाकी चुकायची आणि आईच्या तोंडाकडे बघत रडायची. पोरीनं आजारपणाची धास्ती घेतली, असं सगळे म्हणाले. डार्लाचं तोंड सरळ झालं आणि त्याच आठवड्यात गणितही सरळ झालं. डार्लानं देवाचे आभार मानले आणि विषय तिथेच संपवला.

राखाडी पुस्तकाच्या सुरुवातीला चाळीस प्रश्नांची चाचणी होती. मूल या पुस्तकाला तयार आहे की नाही, हे त्यावरून ठरवायचं. डार्लानं सोमवारी सकाळी ती घेतली.

"उणे आठ अधिक तीन."

टॅबिथानं तिच्याकडे बघितलं. तिचे डोळे करडे आणि मोठे, आणि ती फार कमी पापण्या मिटायची. "उणे..." ती हळूच म्हणाली. मग जरा थांबून, "नाही, अधिकच. एक... दोन. दोन."

चोपडीत दोन होतं. डार्लानं बरोबरची खूण केली.

असं चालू राहिलं. काही उत्तरांना पोरगी चढत जायची, काहींना उतरत. डार्लाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, सहा वर्षं ती असंच मोजायची. मधेच डार्लाच्या हातातली पेन्सिल पडली. ती टेबलाखाली वाकली. वर टॅबिथाचा आवाज चालू होता, "सतरा... अठरा..." आणि तो तिथेच थांबला. टेबलाखाली डार्लाला लेकीचे स्थिर पाय दिसत होते. वर काहीच हालचाल नव्हती. ती पेन्सिल घेऊन वर आली, आणि टॅबिथा तिच्याकडे बघून म्हणाली, "एकोणीस."

"अशी थांबलीस का?"

"तू खाली होतीस ना," टॅबिथा म्हणाली. जणू यात विचारण्यासारखं काय होतं.

अकराव्या प्रश्नाला वेंडेलचा फोन आला. वखारीतून, कुठलासा कागद सापडत नव्हता. डार्ला भिंतीकडे तोंड करून कपाटातले कागद उलटत होती आणि मागे वळून न बघता हातानंच खूण करत होती, सांग, सांग, थांबू नकोस. बऱ्याच वेळानं मागून बारीक आवाज आला, "बारा." मग डार्लानं न वळता, सोबत उचलून आणलेल्या पुस्तकातून पुढचा प्रश्न वाचला, आणि आणखी बऱ्याच वेळानं, "नऊ." फोन ठेवून डार्लानं चोपडी बघितली आणि दोन्हींना फुली मारली.

"चुकले?" टॅबिथानं विचारलं. तिचा चेहरा पडला होता. "सॉरी आई. परत नाही करणार असं."

"वेडे, दोनच तर चुकलीस!" डार्ला हसली. बाकी सगळी बरोबर आली. चाळीसात अडतीस. डार्लानं कागद फ्रिजला चिकटवला. दिवसभर येता-जाता ती त्याच्याकडे बघत होती. आनंद होता, पण त्याच्या तळाशी काहीतरी टोचत होतं. जे पुस्तक ट्वायलाच्या पोरांना रडवून गेलं, ते आपल्या मुलीला एवढं सोपं कसं गेलं? तिनं हा प्रश्न कुणाला विचारला नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारी इमोजीन जेवायला आली. सायलसही घरी होता. गोमांसाचा रस्सा, घेवडा आणि मक्याचा पाव होता. सायलस कारखान्यात लागल्यापासून त्या घरात कोंबडी शिजत नव्हती. जेवण झाल्यावर वेंडेलनं खुर्ची मागे सरकवली आणि बहिणीकडे बघितलं. डार्लानं स्वतःच उठून फ्रिजवरचा कागद आणला, आणि त्याच्यासोबत पुस्तकही.

"चाळीसात अडतीस," ती म्हणाली. तिच्या आवाजातला तोरा लपला नाही.

इमोजीननं चष्मा लावला. पहिल्या ओळीवर तिचं बोट थांबलं. दुसऱ्या, तिसऱ्या ओळीवर थांबलं. मग ती खाली-खाली जात राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही दिसेना. छत्तीस वर्षं पोरांना कळू द्यायचं नाही, ही तिची सवय होती. टॅबिथा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून आत्याकडे टक लावून बघत होती. तिचे खांदे वर चढले होते.

"टॅबिथा, बाहेर जाऊन कुत्र्याला हाडं दे जा, बाळा."

पोरगी गेली. जाताना तिनं दारातून दोनदा वळून बघितलं.

"हे सोडवलं कुणी?" इमोजीननं विचारलं.

"तिनंच. तोंडी. मी फक्त लिहून घेतलं."

"सहा क्ष बरोबर बेचाळीस. उत्तर अकरा?"

डार्लानं मनातल्या मनात सहा अकरा करून बघितलं. सहासष्ट.

"उणे आठ अधिक तीन. उत्तर दोन? डार्ला, या कागदावर अडतीस उत्तरं चूक आहेत. सगळ्या बरोबरच्या खुणा चुकीवर आहेत."

"असं कसं होईल? चोपडीतून तपासलंय मी!" डार्लानं धावत जाऊन चोपडी आणली आणि टेबलावर आपटली. "बघा तुम्हीच."

इमोजीननं पुस्तकाचं पहिलं पान उलटलं. मग चोपडीचं. पुस्तक तिसऱ्या आवृत्तीचं होतं, चोपडी दुसऱ्या आवृत्तीची. मधे कुणीतरी सगळे प्रश्न बदलले होते, आणि राखाडी कव्हर तसंच ठेवलं होतं.

"हात्तिच्या!" वेंडेल म्हणाला. त्याला हायसं वाटलं. "म्हणजे चोपडीचा घोळ. पोरीचा काय दोष?"

"घोळ चोपडीचाच आहे," इमोजीन सावकाश म्हणाली. "पण वेंडेल, पोरीची अडतीस उत्तरं या चुकीच्या चोपडीशी जुळतात. चोपडी तिनं पाहिलेली नाही. ती डार्लाकडे तोंड करून ठेवलेली असते. मग जुळली कशी?"

बाहेर कुत्र्याची साखळी वाजत होती. सायलसनं ताटातलं हाड बाजूला सारलं आणि मान वर न करता म्हणाला, "आई, तुला खरंच माहीत नव्हतं?"

डार्लाला तोंडात मारल्यासारखं झालं. "काय माहीत नव्हतं? तुम्ही सगळे काय म्हणताय? माझी मुलगी लबाड आहे?"

"लबाड नाही गं. लबाडाला आपण काय करतोय ते माहीत असतं." इमोजीननं कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि तो डार्लाच्या हातात दिला. पंधरा. "आता तिला बोलव आणि आठ अधिक पाच विचार. पण मनात हा आकडा धर. बाकी काही करू नकोस. तोंड हलवू नकोस, मान हलवू नकोस."

"बारा वर्षांच्या मुलीला आठ अधिक पाच?"

"विचार तर."

टॅबिथा आत आली. फ्रॉकला हात पुसत नेहमीच्या जागी बसली. डार्लानं दात आवळले, हात मांडीखाली घेतले आणि शक्य तितका चेहरा दगडासारखा केला.

"टॅबी, आठ अधिक पाच."

"तेरा," टॅबिथा लगेच म्हणाली. आणि मग तिनं आईकडे बघितलं. तिचं डोकं किंचित कललं. "नाही... चौदा." आणखी एक क्षण गेला. "पंधरा."

आणि ती सुटल्यासारखी हसली.

वेंडेल उठून दाराशी जाऊन उभा राहिला. डार्लानं काहीच केलं नव्हतं, शपथ घेऊन सांगितलं असतं तिनं. आणि तरी सहा वर्षं उत्तरं तीच तर देत होती. आपल्या लेकीला ती गणित शिकवत होती असं तिला वाटत होतं, आणि लेक शिकत होती फक्त आईचं तोंड.

टॅबिथाला पुन्हा बाहेर पाठवल्यावर इमोजीननं डार्लाच्या हातावर हात ठेवला. असं तिनं वीस वर्षांत केलं नव्हतं. "एक गोष्ट अजून आहे. ऐकशील?"

"सांगा. आता काय राहिलंय?"

"ज्या दोन उत्तरांना तू फुली मारलीस ना, अकरावं आणि बारावं. तेवढी दोनच बरोबर आहेत. उणे तीन गुणिले उणे चार, बारा. दोन क्ष बरोबर अठरा, क्ष म्हणजे नऊ. तेव्हा तू काय करत होतीस?"

"फोनवर होते," डार्ला म्हणाली. "भिंतीकडे तोंड करून."

"मग पोरीला येतंय. तू दिसेनाशी झालीस की तिला विचार करता येतो. आणि तिनं केला तेव्हा तू तिला चूक म्हणालीस."

इमोजीन जायला निघाली तेव्हा वेंडेलनं तिला विचारलं, बस की घर? ती म्हणाली, दोन्ही चालेल. घरी ठेवायची असेल तर रोज सकाळी ती स्वतः येऊन लेखी गणित घेईल, डार्लानं त्या खोलीत थांबायचं नाही. शाळेत घालायची असेल तर तसं. "पण यावेळी तुम्ही ठरवू नका. तिला विचारा, तिला काय हवंय. आणि डार्ला, विचारताना तुझं तोंड मध्ये आणू नकोस."

सोमवारी दुपारपर्यंत शाळेचा अर्ज द्यायचा होता. वेंडेल वखारीत जाताना तो टेबलावर ठेवून गेला. "तुम्ही दोघी ठरवा," तो म्हणाला. "मी काही म्हणणार नाही. म्हटलं तर तीही तेच म्हणेल."

रात्रभर डार्लाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. एक उदाहरण चुकलं तर खोडता येतं. पण तिला आता सगळंच आठवत होतं. सात वर्षांची टॅबिथा म्हणाली होती, मला बाप्तिस्मा घ्यायचाय, आणि सगळं चर्च रडलं होतं. नऊ वर्षांची टॅबिथा म्हणाली होती, मला पोहायला नाही आवडत, मला शिवण आवडतं. मला मैत्रिणी नकोत, तू आहेस ना. या सगळ्याच्या वेळी डार्ला समोर बसलेली होती. यातलं लेकीचं किती आणि आपलं किती? आणि खरी भीती त्याच्याही पुढची होती. ही पोर उद्या मोठी होईल. हिच्यासमोर कुणीतरी परका बसेल, एखादा गोड बोलणारा, आणि त्याला जे हवं असेल ते ही हसत हसत म्हणेल, आणि तिला वाटेल की ते आपणच म्हणालो.

नाश्त्याच्या बशा उचलून झाल्या. टॅबिथा आपल्या जागी येऊन बसली, हात मांडीवर. समोर साखरेची बरणी होती, चोपडी नव्हती. डार्ला बसली नाही. ती सिंककडे गेली आणि लेकीकडे पाठ करून उभी राहिली.

"टॅबी, आज गणित नाही. एकच प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर कुठल्याही पुस्तकात नाही. ऑगस्टपासून तुला शाळेत जायचंय की घरी राहायचंय? जे हवं ते सांग. कुणी रागावणार नाही."

खिडकीबाहेर कुंपणावर एक पक्षी बसला, उडाला, परत बसला. डार्ला सिंकची कड धरून उभी होती. बोल, ती मनात म्हणत होती. बारा म्हण, नऊ म्हण, काहीही म्हण, पण तुझं म्हण.

"आई, वळ ना इकडे."

"नाही. तशीच सांग."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. पायांचा आवाज आला नाही, टॅबिथा अनवाणी होती. ती आई आणि सिंक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत घुसली, कडेला टेकली आणि मान वर करून तिनं आईकडे बघितलं. डार्लाला वाटलं डोळे मिटावेत. पण त्याआधीच लेकीनं वाचायचं ते वाचलं होतं.

"घरी," टॅबिथा म्हणाली. तिचा चेहरा उजळला. "मला घरीच राहायचंय, आई. तुझ्यापाशी."

डार्लाच्या काळजात आनंदाची एक लाट उठली, आणि त्या आनंदाचीच तिला घृणा आली. हे तिला हवं होतं. सहा वर्षं, बारा वर्षं, तिला हेच हवं होतं, आणि पोरीनं ते तिच्या तोंडावरून वाचून तिलाच परत दिलं होतं. तिनं स्वतःला सावरलं. सायलसचा कोरा कागद डोळ्यांसमोर आणला. मग तिनं मनापासून, सगळं बळ लावून, शाळेचा विचार केला. नवी दप्तरं, बाईंचा फळा, पिवळी बस, बसमध्ये हसणाऱ्या मुली. हे व्हावं, हे चांगलं होईल, असं ती मनात घोकत राहिली, आणि आपला चेहरा सैल झाल्याचं तिला जाणवलं.

टॅबिथा बघत होती.

"किंवा शाळा," ती म्हणाली. तेवढ्याच उजळ चेहऱ्यानं, तेवढ्याच गोड आवाजात. "मला शाळेत जायचंय. खरंच, आई. मला केव्हापासून जायचंय."

दोन्हींत कुठे खोट नव्हती. तेच भयंकर होतं.

डार्ला खाली गुडघ्यांवर बसली. दोघींची तोंडं समोरासमोर आली. आता तिला काहीच हवं नव्हतं, ना घर ना शाळा. तिला लेकीचं उत्तर माहीत नव्हतं, आणि पहिल्यांदाच तिला ते खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

"टॅबी. मला नको सांगूस मला काय आवडेल ते. तुला काय हवंय? तुला स्वतःला?"

टॅबिथानं मान डोलावली. ती आज्ञाधारक मुलगी होती आणि तिनं प्रामाणिकपणे कामाला सुरुवात केली. तिचे करडे डोळे आईच्या कपाळावर गेले, भुवयांवर थांबले, ओठांच्या कोपऱ्यांशी आले. परत वर गेले. खालचा ओठ तिनं दातांत धरला होता. एक मिनिट गेलं, दोन गेली. ती आणखी जवळ आली, इतकी की तिचा श्वास डार्लाच्या गालाला लागत होता, आणि तिच्या कपाळावर घाम आला.

"आई," शेवटी ती म्हणाली. "आई, याचं उत्तर दिसतच नाहीये गं."